रीफ टँकसाठी एटीओ आणि डोसिंग पंप कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक, म्हणजे कोरलचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं एकाच मुद्द्याभोवती फिरतात, म्हणून तो आधीच सांगतो. यंत्र घेताना ते काय काय करतं हे नंतर बघा. ते बिघडलं तर टँकचं काय होईल, हे आधी बघा. सेन्सर कधी ना कधी अडकतो, नळी कधी ना कधी फाटते. त्या दिवशी टँक वाचेल अशी मांडणी असेल, तर साधं यंत्रही पुरतं.

‘क्षारता’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. कुणी तो खारटपणासाठी वापरतं, कुणी अल्कलिनिटीसाठी (कोरलना सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटांचं पाण्यातलं प्रमाण), आणि त्या घोळात चुकीची बाटली उचलली जाते.

१. एटीओ आणि डोसिंग पंप यांत फरक काय? दोन्ही टँकमध्ये पाणीच सोडतात ना?

एटीओ, म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, उडून गेलेलं पाणी भरून काढतं. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भरायचं पाणीही गोडं लागतं, शक्यतो आरओडीआयचं, म्हणजे गाळून विरघळलेलं सगळं काढून टाकलेलं (शून्य टीडीएस). किती घालायचं हे पाण्याची पातळी ठरवते.

डोसिंग पंप कोरलनी वापरलेली द्रव्यं परत देतो: अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम. त्याला टँकमधलं काहीच दिसत नाही. तुम्ही ठरवून दिलेले मिलिलिटर तो ठरवून दिलेल्या वेळी देतो, बस्स. एटीओची चूक म्हणजे सेन्सरची चूक, आणि डोसिंगची चूक बहुतेक वेळा माणसाच्या हिशोबाची. हा फरक मनात पक्का असला की पुढचं सगळं सोपं जातं.

२. दोन्ही एकदम घेणं शक्य नाही. आधी काय घेऊ?

एटीओ. यात मला कधीच शंका वाटली नाही. समजा एकूण २०० लिटर पाणी आहे आणि रोज ३ लिटर उडतं. खारटपणा ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) असेल तर एका दिवसात तो ३५.५ च्या वर जातो, तीन दिवस पाणी घालायचं राहिलं तर ३६.६ पर्यंत. मग आठवण झाल्यावर आपण ९ लिटर एकदम ओततो आणि तो तितकाच झटक्यात खाली येतो. हा झोका दर आठवड्याला खाणाऱ्या टँकमध्ये कोरल नीट उघडत नाहीत, आणि माणूस मात्र डोसिंगमध्ये चूक शोधत बसतो.

डोसिंग हाताने करता येतं. सकाळी मोजून दोन मापं ओतणं हे कंटाळवाणं असेल, पण त्यातून तुमच्या टँकची भूक तुम्हाला कळते. पंप घेताना हीच माहिती लागते.

३. माझ्या टँकला डोसिंगची गरज आहे का, हे कसं ओळखू?

मोजून. पाणीबदल आणि डोसिंग थांबवा, चार दिवस रोज ठरलेल्या एकाच वेळी अल्कलिनिटी तपासा. समजा ती ८.६ वरून ७.० डीकेएचवर आली (डीकेएच हे अल्कलिनिटीचं एकक). म्हणजे रोजचा खप ०.४ डीकेएच. तीच वेळ पाळणं महत्त्वाचं आहे, कारण कोरल दिवसा उजेडात जास्त वेगाने सांगाडा बांधतात आणि सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत फरक पडतो. पातळी ७ च्या खाली जाऊ लागली तर चार दिवस पुरे होण्याआधीच थांबा.

कॅल्शियमचा खप अल्कलिनिटीच्या मागोमाग चालतो: २.८ डीकेएच खर्च होते तेव्हा साधारण २० पीपीएम कॅल्शियम जातं. त्यामुळे कॅल्शियमचा आकडा आठवडाभर हललेलाच दिसत नाही, आणि लोकांना वाटतं खप नाहीच. नजर अल्कलिनिटीवर ठेवा.

मऊ कोरल आणि मोजकेच कठीण कोरल असलेल्या टँकमध्ये आठवड्याच्या पाणीबदलाने भागत असेल, तर पंपाची घाई करू नका. दोन पाणीबदलांच्या मध्ये अल्कलिनिटी १ डीकेएचहून जास्त घसरू लागली, की वेळ आली असं मी धरतो.

४. एटीओचा सेन्सर कोणता घेऊ? फ्लोट, ऑप्टिकल की आणखी काही?

फ्लोट स्विच सर्वांत साधा. पाणी खाली गेलं की तरंगणारा भाग खाली येतो आणि पंप सुरू होतो. तो बिघडतो तो अडकून. मिठाचा थर जमतो, शेवाळ चिकटतं, गोगलगाय बसते. माझ्याकडे १५० लिटरच्या टँकमध्ये एका गोगलगायीने फ्लोट रात्रभर दाबून धरला होता. गोड्या पाण्याची २५ लिटरची अख्खी टाकी आत गेली. सकाळी खारटपणा ३० च्या आसपास होता. त्या टँकमधल्या कोळंब्या मी गमावल्या, आणि त्यानंतर एकाच सेन्सरवर चालणारं एटीओ मी कधी लावलं नाही.

ऑप्टिकल सेन्सर अवरक्त प्रकाशावर चालतो. हलणारा भाग नसल्यामुळे तो अडकत नाही. पण बुडबुडे, कोरलाइन शेवाळाचा पातळ थर किंवा थेट पडणारा प्रखर उजेड त्याला फसवू शकतो. संपमध्ये (मुख्य टँकखालच्या, पाणी फिरून येणाऱ्या जोडटँकमध्ये) शांत कोपरा असेल आणि महिन्यातून एकदा तो पुसायची तयारी असेल, तर माझी पसंती यालाच.

तिसरा प्रकार विजेशिवाय चालणारा फ्लोट व्हॉल्व्ह. वरच्या टाकीतून पाणी उतारावर येतं आणि पातळी भरली की व्हॉल्व्ह बंद होतो. त्याला वेळेची मर्यादा घालता येत नाही, म्हणून मी तो मोठ्या टाकीला जोडायला सांगत नाही. थेट नळाच्या किंवा आरओ युनिटच्या लाइनला तर मुळीच नाही. तिथे टाकीला तळच नसतो.

प्रकार कोणताही असो, तीन गोष्टी असाव्यात: नेहमीच्या पातळीचा सेन्सर, त्याच्या थोडा वर दुसरा ‘आता थांब’ सांगणारा सेन्सर, आणि ठरावीक वेळेनंतर पंप आपोआप बंद करणारी मर्यादा. दोन सेन्सर वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर उत्तम, कारण एकच कारण दोघांना एकाच वेळी फसवत नाही.

५. गोड्या पाण्याची टाकी केवढी ठेवू? मोठी ठेवली तर महिनाभर बघायला नको.

हा मोह आवरा. टाकीचं आकारमान ही तुमची शेवटची सुरक्षा आहे. सगळे सेन्सर फसले तरी टाकीत आहे त्यापेक्षा जास्त पाणी टँकमध्ये जाऊ शकत नाही. २०० लिटरच्या टँकमध्ये २० लिटर गोडं पाणी शिरलं तर खारटपणा ३५ वरून ३१.८ वर येतो. वाईट, पण बहुतेक जीव तगतात. तेच ६० लिटर गेलं तर २७ वर येतो, आणि शिवाय पाणी जमिनीवर.

मी एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत जातो, त्यापुढे नाही. आधी रोज किती उडतं ते मोजा: एटीओ बंद करा, संपवर टेपची खूण करा, २४ तासांनी खुणेपर्यंत मोजून पाणी भरा. पाण्यावर पंखा लावत असाल तर पंखा चालू ठेवून मोजा, कारण पंख्याने बाष्पीभवन बरंच वाढतं. संपमध्ये जादा पाणी मावायला किती जागा शिल्लक आहे तेही बघा. टाकीतलं सगळं पाणी त्या जागेत मावलं तर निदान घर कोरडं राहतं.

६. सेन्सर नक्की कुठे लावायचा?

संप असेल तर रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी मुख्य टँकमध्ये परत चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात. मुख्य टँकची पातळी ओव्हरफ्लो (जादा पाणी संपमध्ये सोडणारा मार्ग) ठरवतो आणि संपच्या बाकी कप्प्यांची आडव्या काचा, त्यामुळे बाष्पीभवन दिसतं ते फक्त या एका कप्प्यात. संप नसेल तर मुख्य टँकमध्येच, लाटांपासून आडोसा करून.

इथे एक धोका आहे आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. ओव्हरफ्लोची जाळी शेवाळाने किंवा सुटून आलेल्या कोरलने बुजली, तर मुख्य टँक भरत जातो आणि रिटर्नचा कप्पा रिकामा होतो. एटीओला वाटतं पाणी उडालं. ते गोडं पाणी घालत सुटतं, आणि संपमधला ‘आता थांब’ सेन्सर कोरडाच राहतो. इथे फक्त वेळेची मर्यादा आणि लहान टाकी कामाला येते. जमत असेल तर मुख्य टँकच्या काठाजवळही एक उंच पातळीचा सेन्सर लावा.

७. जागा नाही म्हणून पाण्याची टाकी संपच्या वरच्या फळीवर ठेवली. चालेल का?

साध्या बुडणाऱ्या पंपाने चालणार नाही. टाकी वर आणि नळीचं तोंड खाली असलं की पंप थांबल्यावरही सायफनने पाणी येत राहतं. टाकी रिकामी होईपर्यंत. टाकीतल्या पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा नळीचं तोंड उंच असलं पाहिजे आणि ते संपमधल्या पाण्यात बुडता कामा नये. नळीत हवा घेणारं छिद्र असलेला सायफन-तोड तुकडा मिळतो, तो लावाच, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. छिद्र मिठाने बुजतं. एकमार्गी व्हॉल्व्ह या कामाला उपयोगाचा नाही, तो वरून खाली येणारं पाणी अडवतच नाही.

टाकी वरच ठेवणं भाग असेल तर पेरिस्टाल्टिक पंपाचं एटीओ बघा. त्यात रोलर नळी दाबून धरतो, त्यामुळे नळी चांगली असेपर्यंत सायफन होत नाही. शिवाय तो हळू देतो: मिनिटाला १०० मिलिलिटर दिले तर २० लिटर जायला तीन तासांहून जास्त लागतात. लहान टँकला हा संथपणा फार उपकारक ठरतो.

८. डोसिंग पंप किती हेडचा घ्यावा?

हेड म्हणजे पंपाचा एक द्रावण देणारा भाग. दोन बाटल्यांच्या पद्धतीत दोन हेड लागतातच, अल्कलिनिटी आणि कॅल्शियम. मॅग्नेशियम इतकं हळू खर्च होतं की पंधरा दिवसांनी तपासून हाताने दिलं तरी भागतं. तिसरं हेड चुन्याच्या निवळीसाठी ठेवता येतं (प्रश्न ११). चारच्या पुढे जायचं कारण मला बहुतेक टँकमध्ये दिसलेलं नाही. सूक्ष्म घटकांच्या बाटल्या तपासणीशिवाय रोज देणं मला पटत नाही, मग त्यासाठी हेड कशाला?

कॅल्शियम फॉर्मेटवर आधारलेलं, सगळं एकाच बाटलीत असलेलं द्रावण वापरणार असाल तर एकच हेड पुरतं. त्यातलं फॉर्मेट आधी जिवाणू पचवतात आणि मग अल्कलिनिटी दिसते, म्हणून डोस दिल्या दिल्या तपासून ‘वाढलीच नाही’ म्हणत मात्रा वाढवू नका.

९. स्टेपर मोटरचा महाग पंप खरंच लागतो का?

मोठ्या टँकला बहुधा नाही, नॅनोला (अगदी लहान टँकला) बहुधा हो. साध्या डीसी मोटरचा पंप ठरावीक सेकंद फिरतो. मोटर जुनी झाली, व्होल्टेज हललं की त्याच सेकंदांत कमी-जास्त द्रव जातं. स्टेपर मोटर पावलं मोजून फिरते, त्यामुळे लहान मात्राही ती जवळपास तीच देते. आवाजही कमी.

हिशोब करून बघा. लिटरमागे ८० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या द्रावणाचे ३७.५ मिलिलिटर १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवतात. ४० लिटरच्या नॅनोचा खप रोज ०.५ डीकेएच असेल तर लागतात दिवसाला ७.५ मिलिलिटर. बारा डोसांत विभागले तर प्रत्येकी ०.६. दर वेळी अर्ध्या मिलिलिटरची चूक करणारा पंप इथे निरुपयोगी आहे. डीसी पंपच असेल तर डोस चारच ठेवा, किंवा द्रावण अर्धं पातळ करा. तेच ४०० लिटरच्या टँकमध्ये ७५ मिलिलिटर लागतात आणि अर्ध्या मिलिलिटरची चूक कुणाला कळतही नाही.

१०. कॅलिब्रेशन कधी आणि कसं करायचं?

पंप जिथे बसवला आहे तिथेच, त्याच नळ्या, तीच उंची ठेवून करा. आधी नळीतली हवा काढा. मग ५ मिलिलिटर मोजण्याऐवजी ५० मोजा, म्हणजे मोजण्यातली चूक दहापट लहान होते. सर्वांत अचूक रीत म्हणजे साधं पाणी वापरून वजनकाट्यावर तोलणं: १ मिलिलिटरला १ ग्रॅम. महिन्यातून एकदा पुरतं. स्टेपर पंपालाही हे लागतं, कारण मोटर बरोबर फिरली तरी नळी सैल होत जाते.

याहून मोलाची सवय सांगतो. द्रावणाच्या बाटलीवर खूण करा. रोजचा डोस २० मिलिलिटर असेल तर आठवड्याने पातळी १४० ने उतरली पाहिजे. ९० नेच उतरली असेल तर स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो, डोस कमी जातो आहे.

हेडमधली छोटी नळी ही खर्चीच वस्तू आहे. ती चपटी दिसू लागली, चिकट झाली की बदला. पंप घेण्याआधी ती नळी सुटी मिळते का, एवढं नक्की विचारा. फक्त त्या नळीपायी बाद झालेले पंप मी बरेच पाहिले आहेत. बाटली पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आणि नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे नळी फाटली तरी बाटली टँकमध्ये रिकामी होणार नाही. प्रश्न ९ मधलं सोड्याचं द्रावण १ लिटर २०० लिटरमध्ये एकदम गेलं तर अल्कलिनिटी १३ डीकेएचने वाढते.

११. चुन्याची निवळी एटीओच्या टाकीतच घातली तर एका यंत्रात काम होईल का?

होतं, आणि वर्षानुवर्षं असं करणारे लोक आहेत. मी तरीही करू नका म्हणेन.

निवळी, म्हणजे काल्कवासर, ही देण्यासारखी वस्तू आहे यात वाद नाही. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ती योग्य प्रमाणात देते, मागे मीठ सोडत नाही, पीएच उचलते. संपृक्त निवळीत लिटरमागे सुमारे १.५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं आणि तिचा पीएच १२ च्या वर असतो. २०० लिटरच्या टँकला रोज २ लिटर दिली तर साधारण १.१ डीकेएच मिळतात. मध्यम भरलेल्या टँकला एवढं पुष्कळ झालं.

आता सेन्सर अडकला असं धरा. २० लिटर गोडं पाणी गेलं तर काय होतं ते प्रश्न ५ मध्ये आहे. तेच २० लिटर निवळीचे गेले तर अल्कलिनिटी ११ डीकेएचने चढते आणि पीएच जिवांना सोसणार नाही इतका वर जातो. एकाच बिघाडाची किंमत अशी बदलते.

म्हणून निवळी डोसिंग पंपाने द्या, रोज ठरावीक, बाष्पीभवनाच्या निम्मी ते पाऊण. बाकीचं एटीओ साध्या पाण्याने भरून काढेल. ज्या दिवशी कमी पाणी उडेल त्या दिवशी एटीओ गप्प बसेल, पण निवळी वाढणार नाही. रात्री दिलेली बरी, तेव्हा पीएच खाली असतो. शोषण नळीचं तोंड तळाच्या गाळापासून चार-पाच सेंटिमीटर वर ठेवा, डब्याला झाकण लावा, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिच्यावर साय धरते आणि ताकद जाते. नळ्या व्हिनेगरने धुवा. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा.

१२. मग दोन बाटल्यांची पद्धत, निवळी की कॅल्शियम रिअॅक्टर?

खप दिवसाला १ डीकेएचपर्यंत असेल तर निवळी एकटी पुरू शकते. त्याहून जास्त असेल तर दोन बाटल्या: एकीत खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा, दुसरीत कॅल्शियम क्लोराइड. धुण्याचा सोडा पीएच वाढवतो, खाण्याचा सोडा वाढवत नाही, उलट किंचित उतरवतो. ज्यांच्या घराची दारं-खिडक्या बंद असतात आणि पीएच कायम खाली, त्यांनी धुण्याचा सोडा घ्यावा. सोडा शुद्ध, सुगंध वगैरे नसलेलाच हवा.

रिअॅक्टर (कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेटचे खडे विरघळवून ते पाणी टँकला देणारं यंत्र) मोठ्या, कठीण कोरलांनी भरलेल्या टँकसाठी. त्याला सिलिंडर, रेग्युलेटर आणि अखंड चालणारा फीड पंप लागतो. डोसिंगचं नेहमीचं हेड २४ तास फिरण्यासाठी बनवलेलं नसतं, ते रिअॅक्टरला लावू नका.

१३. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम एकाच वेळी दिलं तर काय होतं?

एकाच जागी, एकाच वेळी दिलं तर पाण्यात दुधासारखा ढग येतो. तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तुमचे दोन्ही डोस वाया. दोहोंत निदान अर्धा तास ठेवा आणि दोन्ही जोरदार प्रवाहात सोडा. अल्कलिनिटीचे डोस जितके जास्त तुकड्यांत तितकं चांगलं, पण प्रश्न ९ मधली किमान मात्रेची अट सांभाळून. नव्याने सुरू करताना पातळी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका.

१४. वीज गेली आणि परत आली तर यंत्रं काय करतात?

घेण्याआधी हेच विचारा. चांगल्या पंपाच्या आत घड्याळाची बॅटरी असते आणि वेळापत्रक यंत्रातच साठवलेलं असतं, इंटरनेट नसलं तरी ते चालतं. चुकलेले डोस वीज आल्यावर तो एकदम देतो की सोडून देतो, हेही बघा. सोडून देणारा निवडा. सहा तासांचे डोस एकदम मिळण्यापेक्षा उपवास बरा.

एटीओच्या बाबतीत, रिटर्न पंप परत सुरू होताना संपची पातळी काही क्षण खूप खाली जाते. तेवढ्यात एटीओने पाणी ओतू नये म्हणून सुरू होण्याआधी काही मिनिटांचा विलंब ठेवता आला पाहिजे.

१५. एटीओ नीट चालतंय, तरी खारटपणा सरकतोय. का?

खाली येत असेल तर मिठाचं पाणी कुठून तरी बाहेर जातंय आणि एटीओ त्या जागी गोडं भरतंय. स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप पातळ पाण्याने भरून वाहतोय का, जोडावर गळती आहे का, ते शोधा. सर्वांत नेहमीचं कारण मात्र पाणीबदल: संपमधून २० लिटर काढले आणि एटीओ बंद करायला विसरलात. एटीओचं बटण हाताशी येईल अशा जागी ठेवा.

वर चढत असेल तर दोन बाटल्यांच्या डोसिंगकडे बघा. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडमधून मागे मीठच उरतं: १०० लिटरमध्ये १ डीकेएच भरून काढली की सुमारे २ ग्रॅम. रोज १ डीकेएचचा खप असेल तर महिन्याला खारटपणा ०.६ ने चढतो. नियमित पाणीबदलाने तो सावरतो. हान्स-वेर्नर बॉलिंग यांच्या नावाच्या पद्धतीत सोडियम क्लोराइड नसलेलं तिसरं मीठ घालतात ते याचसाठी: उरलेल्या मिठाला बाकीचे घटक मिळून ते समुद्राच्या प्रमाणात बसावं म्हणून. त्याने खारटपणा कमी होत नाही, तोल राखला जातो.

आणि या सगळ्याआधी खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने तपासून घ्या. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

१६. अल्कलिनिटी आपोआप मोजणारं यंत्र डोसिंगला जोडून सगळं त्याच्यावर सोडू का?

मोजू द्या, ठरवू देऊ नका. निदान पहिला महिना तरी. नमुन्याच्या नळीत बुडबुडा आला की ते खोटा, कमी आकडा दाखवतं, आणि जोडलेला पंप त्यावर विश्वास ठेवून डोस वाढवतो. महिनाभर हाताच्या किटशी आकडे ताडून बघा. नंतर जोडलंत तरी डोसात दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे फेरफार करण्याची मुभा देऊ नका.

१७. पंधरा दिवस बाहेर जायचंय. जाण्याआधी एटीओ बसवून घेऊ?

नको. नवं यंत्र निदान तीन आठवडे डोळ्यांसमोर चालू द्या. जाताना मोठी टाकी जोडण्यापेक्षा, दर चार दिवसांनी येऊन २० लिटरची टाकी भरणारा माणूस शोधा. त्याला पाणी आधीच मोजून कॅनमध्ये भरून द्या, डोसिंगच्या बाटल्यांना हात लावू नको म्हणून सांगा, आणि एटीओ कुठून बंद होतं ते दाखवून ठेवा.

१८. डोस जास्त गेला आहे, आत्ता काय करू?

पंपाचा प्लग काढा. मग तपासा, दोनदा. आकडा २-३ डीकेएचने चढला असेल तर डोसिंग बंद ठेवून कोरलना तो हळूहळू खाऊ द्या. खूपच चढला असेल तर कमी अल्कलिनिटीच्या मिठाच्या पाण्याने थोडा थोडा बदल, दिवसातून दोनदा. आम्ल ओतून आकडा खाली ओढू नका, पीएच कोसळेल. पाणी दुधाळ झालं असेल तर घाबरू नका, स्किमर आणि प्रवाह चालू ठेवा, साका खाली बसतो. निवळी जास्त गेली असेल तर पृष्ठभागावर जोरात हवा खेळवा आणि पीएचवर नजर ठेवा. खारटपणा पडला असेल (प्रश्न ४ मधल्यासारखा), तर एटीओ बंद करून किंचित जास्त खारट पाण्याने एक-दोन दिवसांत हळूहळू वर न्या.

पंप परत लावाल तेव्हा जुन्या मात्रेच्या निम्म्यावर लावा आणि तीन दिवस रोज त्याच वेळी तपासा.